कुठल्या दारातून? लिटल रॉकच्या एका शाळेचं मुख्य दार आणि माझ्या पेपरमधली एक चूक

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. विभागाच्या सेमिनारमध्ये मी पेपर वाचत होते. विषय होता शाळांच्या इमारती आणि शाळाप्रवेशाचा इतिहास. त्यात एक वाक्य होतं : "२५ सप्टेंबर १९५७ रोजी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी लिटल रॉक सेंट्रल हायस्कूलमध्ये पहिल्यांदा आत गेले." वाक्य वाचून मी पुढे सरकणार, तेवढ्यात गाईड मॅडमनी थांबवलं.

"कुठल्या दारातून?"

मला वाटलं, सहज विचारतायत. म्हटलं, "मुख्य दारातून, मॅडम. फोटो आहे ना."

"फोटो आहे, मान्य. पण 'पहिल्यांदा' हे कशावरून?"

मी गप्प. तारीख बरोबर होती, दारही बरोबर होतं, तरी वाक्य चुकलं होतं. कारण ती नऊ मुलं त्याच्या दोनच दिवस आधी, २३ सप्टेंबरला, त्या इमारतीत गेली होती. बाजूच्या दारातून. त्या दिवसाचा तसा प्रसिद्ध फोटो नाही, म्हणून माझ्या पेपरमध्ये तो दिवसच नव्हता.

आजचा लेख या एका चुकीबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणी पेटची तयारी करतंय, कुणी नेट-सेटची, कुणाचं सिनॉप्सिस अडकलंय. "टॉपिक फारच छोटा वाटतोय, यावर रिसर्च होईल का?" हा प्रश्न मला वारंवार येतो. म्हणून आज मुद्दाम छोट्यात छोटा टॉपिक घेऊ : एका शाळेचं मुख्य दार. बघू या, त्यात किती इतिहास मावतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. १७ मे १९५४ रोजी 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधलं हे विभाजन घटनाबाह्य ठरवलं. पण निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात जाऊन बसली, असं झालं नाही. १९५५ च्या पुढच्या आदेशात न्यायालयाने अंमलबजावणीला ठरावीक मुदत घातली नाही. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक राज्याने, प्रत्येक शहराने आपापला खेळ खेळला.

लिटल रॉक ही आर्कान्सा राज्याची राजधानी. तिथल्या शाळा अधीक्षकांनी, व्हर्जिल ब्लॉसम यांनी, टप्प्याटप्प्याने जाण्याची योजना आखली. पहिल्या टप्प्यात एकच शाळा आणि अगदी मोजकी मुलं. इच्छुकांमधून निवड होत होत शेवटी नऊ जण उरले : मिनिजीन ब्राऊन, एलिझाबेथ एकफर्ड, अर्नेस्ट ग्रीन, थेल्मा मदरशेड, मेल्बा पॅटिलो, ग्लोरिया रे, टेरेन्स रॉबर्ट्स, जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स.

नऊच्या नऊ नावं मुद्दाम लिहिली. पुस्तकांत 'लिटल रॉक नाइन' एवढंच येतं आणि मुलं संख्येत विरघळून जातात. तुमच्या प्रबंधात असं होऊ देऊ नका.

आता दाराकडे येऊ.

१९२७ : दार बांधलं जातं

ही शाळा १९२७ साली उघडली. तेव्हा तिचं नाव लिटल रॉक सीनियर हायस्कूल होतं. 'सेंट्रल' हे नाव नंतरचं, १९५३ चं. खर्च आला १५ लाख डॉलर, म्हणजे त्या काळात हायस्कूलसाठी डोळे विस्फारावेत अशी रक्कम. वास्तुरचनाकारांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला अमेरिकेतलं सर्वांत सुंदर हायस्कूल म्हटलं होतं. पार्क स्ट्रीटवर दोन ब्लॉक व्यापणारी इमारत, समोर पाण्याचा हौद, मग पायऱ्या आणि पायऱ्यांच्या माथ्यावर मुख्य दारं.

या दारांच्या वर चार पुतळे आहेत. ग्रीक देवतांसारख्या चार स्त्रिया, प्रत्येकीच्या नावाने एक गुण : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी. खालून आत जाणाऱ्या मुलाने वर बघावं आणि शाळेने आपल्याला काय द्यायचं ठरवलंय ते समजून घ्यावं, अशी ती योजना.

इमारतींवर काम करणाऱ्यांनी इथे थांबून एक प्रश्न विचारायचा असतो : हे दार बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आत येणारं मूल कोण होतं? उत्तर कागदावर आहे. १९२७ मध्ये ही शाळा फक्त गोऱ्या मुलांची होती. त्यामुळे 'संधी' नावाचा तो पुतळाही त्यांच्यापुरताच होता.

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल उघडलं. सेंट्रलच्या वास्तुरचनाकारांच्या गटातल्या विटेनबर्ग आणि डेलोनी यांनीच ते रचलं. दोन्ही इमारतींचं साम्य सहज दिसतं. पण डनबारचा खर्च ४ लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यातला काही भाग रोझेनवाल्ड फंड या देणगी निधीतून आलेला. सेंट्रलसाठी १५ लाख, डनबारसाठी ४ लाख. एवढ्या दोन आकड्यांनीही एक प्रकरण सुरू होऊ शकतं.

४ सप्टेंबर १९५७ : दार फुटपाथपर्यंत पुढे सरकतं

शाळा ३ सप्टेंबरला उघडणार होती. २ सप्टेंबरच्या रात्री गव्हर्नर ओरव्हल फॉबस यांनी आर्कान्साच्या नॅशनल गार्डला शाळेभोवती उभं केलं. कारण दिलं, हिंसाचार टाळण्याचं. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, आली.

नागरी हक्क कार्यकर्त्या डेझी बेट्स यांनी मुलांनी एकत्र यावं, सोबत काही धर्मगुरू असावेत, अशी व्यवस्था केली होती. निरोप फोनवरून गेले. १५ वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता. तिला निरोप मिळालाच नाही. ती स्वतः शिवलेला नवा पोशाख घालून, एकटी, बसने आली.

पुढे काय झालं ते तिने नंतर सांगितलं आणि बेट्स यांनी ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात घेतलं. गार्डचे सैनिक गोऱ्या मुलांना वाट देत होते. तीही चालत चालत मुख्य दाराकडे जाणाऱ्या वाटेच्या समोर आली आणि त्याच सैनिकांकडे गेली. तिच्यासमोर मात्र संगिनी आडव्या झाल्या. मागे जमाव. ती वळली आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या बस थांब्याकडे चालू लागली. 'आर्कान्सा डेमोक्रॅट'चे छायाचित्रकार विल काउंट्स यांनी टिपलेला तो फोटो तुम्ही पाहिला असेल : काळा चष्मा लावलेली, वही छातीशी धरलेली एलिझाबेथ आणि तिच्या मागे तोंड वेंगाडून ओरडणारी हेझल ब्रायन नावाची गोरी मुलगी.

आता हा फोटो पुन्हा आठवा आणि सांगा, त्यात शाळेचं दार कुठे आहे?

नाही. फोटो रस्त्यावरचा आहे. एलिझाबेथ त्या दिवशी दारापर्यंत पोचलीच नाही. दार पायऱ्यांच्या वर, दूर राहिलं. तिला अडवलं ते पार्क स्ट्रीटच्या कडेला. मी माझ्या टिपणात तेव्हा लिहिलं होतं, "तिला शाळेच्या दारात अडवण्यात आलं." बोलताना चालतं हे. पण इमारतीचा नकाशा समोर ठेवला की लक्षात येतं, त्या दिवशी सैनिकांच्या रांगेने शाळेचा उंबरठाच उचलून फुटपाथवर आणून ठेवला होता. खरं दार उघडं होतं, गोरी मुलं त्यातून ये-जा करत होती. बंद होतं ते दाराच्या पुढे उभं केलेलं दुसरं, माणसांचं दार.

रिसर्चमध्ये याचा उपयोग काय? शाळेच्या दप्तरात तुम्हाला "शाळा त्या दिवशी नियमित भरली" अशी नोंद मिळाली, तर ती खोटी नसेल. पण कुणाला कुठवर येता आलं, हे ती नोंद सांगत नाही. ते रस्त्यावरच्या साधनांतून शोधावं लागतं : वर्तमानपत्रं, फोटो, आठवणी.

बस थांब्यावर एलिझाबेथ बाकावर बसली. 'न्यू यॉर्क टाइम्स'चे शिक्षण वार्ताहर बेंजामिन फाइन तिच्या शेजारी बसून धीर देत होते. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईंनी जमावाला सुनावलं आणि तिला बसमध्ये चढायला मदत केली. घटनास्थळी असलेली सगळीच माणसं जमावात नसतात. तेही नोंदवायचं असतं.

२३ सप्टेंबर : बाजूचं दार

माझी चूक झाली ती इथे.

२० सप्टेंबरला संघीय न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी गव्हर्नरना अडथळा आणायला मनाई केली. फॉबसनी गार्ड काढून घेतलं. सोमवारी, २३ सप्टेंबरला, शाळेसमोर हजाराहून जास्त लोकांचा जमाव आणि शहराचे पोलीस, एवढेच उरले. मुलांना मोटारीने आणलं आणि मुख्य दारासमोर न नेता बाजूच्या दारातून पटकन आत घेतलं.

त्याच वेळी जमावाने चार कृष्णवर्णीय पत्रकारांना घेरलं. त्यातले एल. अ‍ॅलेक्स विल्सन मेम्फिसच्या 'ट्राय-स्टेट डिफेंडर'चे संपादक. मारहाण होत असतानाही ते पळाले नाहीत. खाली पडलेली हॅट उचलून, नीट करून, ते चालत राहिले. २३ तारखेचे जे फोटो गाजले ते विल्सन यांना होणाऱ्या मारहाणीचे. कॅमेरे जिथे होते तिथे हिंसा चालू होती. मुलं आत गेली ती दुसरीकडून.

मुलं आत गेलीत ही बातमी जमावात पसरली आणि वातावरण इतकं तापलं की दुपार व्हायच्या आत पोलिसांनी मुलांना मोटारींत घालून शाळेबाहेर काढलं.

म्हणजे बघा, २३ सप्टेंबरला न्यायालयाचा आदेश पाळला गेला होता. विद्यार्थी इमारतीत होते. वर्गातही गेले होते. कायद्याच्या भाषेत 'प्रवेश' झाला होता. मग तो दिवस आपल्या सांगण्यातून का गळतो? माझ्या मते दोन कारणं. एक, फोटो नाही. दुसरं जास्त अवघड : बाजूच्या दारातून झालेला प्रवेश विजयाच्या गोष्टीत बसत नाही. आपल्याला पायऱ्या हव्या असतात.

पण त्या नऊ मुलांच्या बाजूने विचार करा. मारहाणीचा आवाज बाहेर चालू असताना, कुणीतरी घाईने आत घेतंय आणि आपण पुढे जातोय, याला लागणारं धैर्य २५ तारखेपेक्षा कमी होतं का? २५ ला सैन्य सोबत होतं. २३ ला नव्हतं.

सेमिनारमध्ये मॅडमनी जे पकडलं ते हेच. "तू दार बघितलंस, पण फोटोने दाखवलं तेवढंच बघितलंस."

२५ सप्टेंबर : पायऱ्या

२४ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजाराहून जास्त सैनिक लिटल रॉकला पाठवले आणि आर्कान्साचं नॅशनल गार्ड संघीय नियंत्रणाखाली घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ मुलं सैन्याच्या गाडीतून आली, सैनिकांच्या कड्यातून पायऱ्या चढली आणि मुख्य दारातून आत गेली. फोटो निघाले ते हे.

सरकारला मुलांना फक्त आत पोचवायचं असतं तर बाजूचं दार जास्त सोपं होतं. पण २३ चा अनुभव जमेस धरता, २५ ला पायऱ्यांवरून नेण्याला अर्थ होता. राज्याच्या सशस्त्र बळाने जिथे वाट अडवली होती, तिथूनच संघराज्याच्या बळाने ती मोकळी केली. कुठल्या दारातून नेतो हेच सरकारचं म्हणणं होतं.

आणखी एक गंमत बघा, जी पाठ्यपुस्तकात क्वचित येते. १०१ वी डिव्हिजन नोव्हेंबरअखेर परत गेली. नंतर वर्ष संपेपर्यंत मुलांच्या संरक्षणाचं काम कुणाकडे होतं? संघीय नियंत्रणाखाली आलेल्या त्याच आर्कान्सा नॅशनल गार्डकडे. संस्था तीच, गणवेश तोच, हुकूम वेगळा. दारात उभा असलेला माणूस म्हणजे धोरण नव्हे. त्याला हुकूम कोण देतंय ते शोधा.

दाराच्या आत

इथपर्यंत आलेले बरेच निबंध २५ सप्टेंबरला संपतात. सैनिक, पायऱ्या, दार, टाळ्या. तुम्ही संपवू नका. दाराचा अभ्यास करणाऱ्याने दार ओलांडून आत जायलाच हवं, नाहीतर आपणही फोटो काढून घरी जाणाऱ्यांतले.

आत काय होतं? प्रत्येक मुलासोबत एक सैनिक असे, पण तो वर्गाच्या दाराशी थांबायचा. स्वच्छतागृह, जिमखान्याची कपडे बदलायची खोली, अशा ठिकाणी तो जाऊ शकत नसे. त्रास द्यायचा तर नेमका तिथे दिला जाई : ढकलणं, लाथा, शिव्या, गरम पाणी. मेल्बा पॅटिलो यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत हे सगळं वाचायला मिळतं. मुलींच्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकाबी यांनीही त्या वर्षावर पुस्तक लिहिलं. एकच कॉरिडॉर, एकदा विद्यार्थिनीच्या नजरेतून आणि एकदा प्रशासनाच्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. साधनांची तुलना कशी करायची ते दहा लेक्चरपेक्षा यातून जास्त कळेल.

शिवाय त्या नऊ जणांना खेळ, गायनवृंद वगैरे अवांतर उपक्रमांत भाग घ्यायला परवानगी नव्हती. म्हणजे शाळेचं मोठं दार उघडलं आणि आतली छोटी छोटी दारं बंदच राहिली.

मिनिजीन ब्राऊनने डिसेंबरमध्ये, कॅफेटेरियात तिची वाट अडवली गेली तेव्हा, हातातल्या ट्रेवरचं चिलीचं भांडं खाली सोडलं, आणि ते दोन मुलांच्या अंगावर सांडलं. तिला निलंबित केलं, आणि पुढच्या एका प्रसंगानंतर फेब्रुवारी १९५८ मध्ये काढूनच टाकलं. मुख्य दारातून सैन्याने आत नेलेली मुलगी शिस्तीच्या नियमाने बाहेर गेली. अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला, या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्या समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग हजर होते.

१९५८-५९ : कुलूप

मग दाराच्या इतिहासातलं सगळ्यात विचित्र वर्ष आलं. १२ सप्टेंबर १९५८ रोजी 'कूपर विरुद्ध अ‍ॅरन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकत्रीकरण पुढे ढकलायला नकार दिला. फॉबस यांनी नव्या राज्य कायद्याचा आधार घेऊन लिटल रॉकची चारही सरकारी हायस्कूलं बंद केली. २७ सप्टेंबरला मतदान झालं. एकत्रीकरणाच्या विरोधात १९,४७०, बाजूने ७,५६१.

३,६०० हून जास्त विद्यार्थी, गोरे आणि कृष्णवर्णीय, वर्षभर शाळेबाहेर. काही खासगी शाळांत गेले, काही नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी, काहींचं शिक्षण तिथेच थांबलं. करार झालेला असल्यामुळे शिक्षक मात्र रोज शाळेत येऊन रिकाम्या वर्गांत बसत. आणि फुटबॉलचा हंगाम चालूच राहिला! वर्ग बंद, पण शाळेचा संघ मैदानात. लिटल रॉकमध्ये याला 'हरवलेलं वर्ष' म्हणतात.

या वर्षाने माझा एक समज मोडला. मी समजत होते, दार बंद ठेवण्याचा तोटा बाहेर ठेवलेल्यालाच होतो. इथे लोकांनी मतदान करून आपल्याच मुलांच्या शाळेला कुलूप लावलं. शेजारच्या मुलाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. पण हे नुकसानही सगळ्यांचं सारखं नव्हतं. गोऱ्या मुलांसाठी घाईघाईने खासगी शाळा उभ्या राहिल्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी शहरात तशी सोय झाली नाही. म्हणून "सगळ्यांचंच नुकसान झालं" असं लिहून मोकळं होऊ नका. कुणाचं किती, ते मोजा.

योजनेतली एक गोष्टही इथे सांगायला हवी. १९५७ सालीच शहराच्या पश्चिमेकडच्या सधन गोऱ्या वस्तीत हॉल हायस्कूल हे नवं हायस्कूल सुरू झालं होतं, आणि तिथे त्या वर्षी एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी पाठवला नव्हता. त्यामुळे सेंट्रलच्या परिसरातल्या कामगारवर्गातल्या गोऱ्या पालकांचं म्हणणं असं, की बदल फक्त आमच्या दारात, श्रीमंतांच्या दारात नाही. त्यांच्या वंशद्वेषाला हे समर्थन होत नाही. पण जमाव कुठून आला हे समजून घ्यायचं असेल तर एका दाराचा अभ्यास करताना शेजारचं न उघडलेलं दारही बघावं लागतं.

जून १९५९ मध्ये न्यायालयाने शाळा बंद करणारे कायदे रद्द केले. ऑगस्टमध्ये हायस्कूलं पुन्हा उघडली. नऊ जणांपैकी जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स परत सेंट्रलमध्ये आले आणि १९६० मध्ये उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत कार्लोटाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला होता. ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

१९९७ : दार धरून उभे राहिलेले

२५ सप्टेंबर १९९७, चाळीस वर्षं पूर्ण. नऊ जण, आता पन्नाशी ओलांडलेले, पुन्हा त्याच पायऱ्या चढले. दार धरून उभे होते राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन, जे स्वतः आर्कान्साचे, आणि त्यांच्यासोबत राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर. ज्या पदावरच्या माणसाने १९५७ मध्ये वाट अडवली, त्याच पदावरचा माणूस १९९७ मध्ये दार उघडून धरतोय. पुढच्या वर्षी शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे आजही रोज शाळा भरते.

हेही चित्र सुंदर आहे, आणि म्हणूनच सावध व्हायचं. त्याच वर्षी एलिझाबेथ एकफर्ड आणि हेझल ब्रायन यांचा शाळेसमोर शेजारी उभा असलेला फोटो निघाला. काढला पुन्हा विल काउंट्स यांनीच. त्याचं पोस्टर झालं, शीर्षक होतं 'समेट'. दोघींची काही काळ मैत्रीही झाली. पण ती टिकली नाही, आणि भूतकाळ प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय खरा समेट होत नाही, अशा अर्थाची ओळ एलिझाबेथच्या आग्रहाने त्या पोस्टरवर आली. फोटो दुसऱ्यांदा पूर्ण गोष्ट सांगत नव्हता, आणि हे यावेळी फोटोतल्या बाईनेच सांगितलं.

आपल्याकडच्या एका नोंदीपाशी

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं झालं, आम्ही काय करायचं? तर पद्धत उचला. आपल्याकडच्या एका नोंदीवर ती लावून बघा.

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आहे. हा दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो, आणि योग्यच आहे. पण केवळ रजिस्टर वाचणारा अभ्यासक काय लिहील? "प्रवेश मिळाला." डॉ. आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडलं की पुढची गोष्ट कळते : वर्गात वेगळं बसणं, बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते संध्याकाळी परत घरी न्यायचं, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर नळ स्वतः सोडायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नाहीतर नाही.

रजिस्टर खोटं नाही. २५ सप्टेंबरचा फोटोही खोटा नाही. दोन्ही दाराशी थांबतात, एवढंच. गोणपाट आणि नळ शोधायला आत जावं लागतं.

जाता जाता

टॉपिक छोटा आहे का, हा प्रश्न सोडून द्या. तुमच्या गावातली एखादी जुनी शाळा घ्या आणि तिच्या दारापाशी उभं राहून हे विचारा. दार कधी आणि कुणाच्या पैशाने झालं? बांधणाऱ्याच्या मनात आत येणारं मूल कोण होतं? मुलींचं, शिपायांचं, खालच्या मानलेल्या वस्तीतल्या मुलांचं दार हेच होतं का? दार कधी बंद राहिलं, आणि कुणाच्या हुकमाने? फोटो असेल तर फोटो काढणारा कुठे उभा होता? आणि सगळ्यात शेवटी, आत गेलेलं मूल बसलं कुठे, पाणी प्यायलं कुठे?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं साधन वेगळं आहे. पहिल्याला दगडावरची पाटी किंवा बांधकाम खात्याची फाईल, शेवटच्याला त्या शाळेत शिकलेली आजी. आजीकडे आधी जा. फाईल थांबू शकते.

माझा पेपर पुढे सुधारला. ते वाक्य आता असं आहे : "नऊ विद्यार्थी २३ सप्टेंबरला बाजूच्या दारातून आणि २५ सप्टेंबरला मुख्य दारातून आत गेले." वाचायला थोडं रुक्ष झालंय. पण दोन्ही तारखा त्यात आहेत. मॅडमनी त्यावर फक्त बरोबरची खूण केली आणि समासात एक शब्द लिहिला : "आणि मग?"

त्याचं उत्तर शोधण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात खात्रीचं वाक्य काढा, त्यातला 'पहिल्यांदा', 'सर्वांसाठी खुलं', 'प्रवेश मिळाला' असा एखादा शब्द शोधा, आणि त्याच्यापुढे पेन्सिलने लिहा : कुठल्या दारातून? आणि मग?